दोन ठिपक्यांचा शाफ्ट

क्यू बनवणाऱ्याने बाबांची क्यू पेटीतून काढली, तिचे दोन भाग जोडले आणि एक डोळा मिटून टोकापर्यंत नजर टाकली. मग जोड उलटा फिरवला, दोन्ही भाग वेगळे केले आणि त्यांची तोंडं दिव्याखाली शेजारी शेजारी धरली.

"ताई, ही अर्धीच तुमची आहे," तो म्हणाला.

"अर्धी म्हणजे?"

"मागचा भाग तुमच्या वडिलांचा. पुढचा दुसऱ्या कुणाचा तरी."

पूल खेळायची चांगली क्यू दोन तुकड्यांची असते. हातात धरायचा मागचा जाड तुकडा म्हणजे बट. पुढचा निमुळता, ज्याच्या टोकावर चामड्याची टिप बसवलेली असते, तो शाफ्ट. एवढं मला ठाऊक होतं. आमच्याकडे या विषयावर जेवताना व्याख्यानं झाली होती. ठाऊक नव्हतं ते त्याने दाखवलं. जोडाच्या आत, जिथे एरवी कुणाची नजर जात नाही, तिथे लाकडाच्या कापलेल्या तोंडावर खिळ्याच्या टोकाएवढे ठिपके दाबलेले होते. बटवर एक. शाफ्टवर दोन.

"दोघं मित्र एकत्र आले होते माझ्याकडे. एकाच ओंडक्यातून दोघांच्या केल्या. रंग तोच, कड्या त्याच, वजनातही एकोणीस-वीस. माझाच गोंधळ नको म्हणून ठिपके मारले. तुमच्या वडिलांना एक आणि त्या दुसऱ्यांना दोन. ते शाळेत कवायत शिकवायचे ना, ते."

"शिट्टीकाका," मी म्हणाले.

"असतील. मला गिऱ्हाइकाचं तोंड आठवत नाही, लाकूड आठवतं."

हे वाक्य त्याने यापूर्वीही बऱ्याच जणांना ऐकवलं असणार. त्याच्या बोलण्यातली पुष्कळ वाक्यं अशी वापरून गुळगुळीत झालेली होती. भिंतीवर त्याचे स्वतःचेच फोटो होते, प्रत्येकात वेगळ्या माणसाच्या खांद्यावर हात टाकलेला.

"मग किमतीचं काय?"

"आता कसली किंमत?" त्याने दोन्ही तुकडे मखमलीवर ठेवले, जरा अंतर राखून, जणू त्यांचं भांडण झालं होतं. "माझ्या हातची क्यू लोक शोधत येतात. पण कशी? दुकानातून बाहेर पडली तशी. पॉलिश दुसरं नको, मुठीवरचा दोरा दुसरा नको, आणि शाफ्ट तर नकोच नको. ओरखडे चालतात. डाग चालतात. दुसऱ्याचा शाफ्ट लावलेली क्यू म्हणजे, कसं सांगू, दुसऱ्याची सही असलेला चेक."

"पण दोन्ही तुम्हीच केलेत."

"घेणारा तसं बघत नाही ना. स्वतःचा शाफ्ट घेऊन या, मग बोलू. नाहीतर अशीच द्यायची असेल तर मी घेतो. अर्ध्यात. मी खोटं सांगून मला काय मिळणार?"

काय मिळणार ते त्यानेच आदल्या वाक्यात सांगितलं होतं. मी पेटी बंद केली.

मी एका छापखान्यात मुद्रितं तपासते. ज्या ओळीवर नजर सहज सरकते त्याच ओळीत चूक असते, हे माझ्या कामाचं पहिलं तत्त्व. बसमध्ये पेटी मांडीवर आडवी धरून मी आधी त्या माणसाला तपासलं. ठिपके त्याने आत्ताच मारले असतील का? नाही, माझ्यासमोर मारायला वेळच नव्हता, आणि खळग्यांत जुना मळ बसलेला होता. म्हणजे शाफ्ट खरंच बदललेला होता. मग मी शिट्टीकाकांना तपासायला घेतलं, आणि तिथे मात्र नजर जागोजागी अडकली.

बाबा गेल्यावर त्यांची क्यू हॉलमधून घरी आणून दिली ती शिट्टीकाकांनी. पेटी माझ्या हातात देताना म्हणाले होते, "जशी होती तशी आणलीय बरं का." तेव्हा मी फक्त मान हलवली. त्या दिवसांत मी प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. पण आता वाटलं, न विचारता असं कोण सांगतं? त्यानंतर त्यांचे दोनदा फोन आले. आईची चौकशी, माझी चौकशी, आणि अगदी शेवटी, ठेवता ठेवता, "ती क्यू विकायची झाली तर आधी मला सांगा हं. बाहेर देऊ नका." दोन्ही वेळा तेच शब्द.

---

ही क्यू आमच्या घरात कशी आली ते सांगायला हवं, नाहीतर आईचा हट्ट कळायचा नाही.

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. आई काउंटरवर बसायची, बाबा आतल्या अंधाऱ्या खोलीत लोकांचे डोळे तपासायचे. दुकानाचं छत एका कोपऱ्यात गळायचं. ते दुरुस्त करायला दोघांनी मिळून पैसे बाजूला टाकले होते, आणि एक दिवस बाबा त्या पैशांची क्यू घेऊन आले. ऑर्डर देऊन, माप देऊन, लाकूड निवडून बनवून घेतलेली. त्याआधी कित्येक महिने ते फक्त निवडत होते. कोणाच्या हातची घ्यावी, कोण वर्षाला मोजक्याच बनवतो, कोणाच्या जुन्या क्यू नव्यापेक्षा महाग जातात. दुकान बंद झाल्यावर जेवताना ते आम्हाला समजावून सांगत. नक्षी बघून घेऊ नये. सरळपणा बघावा. बनवणारा माणूस बघावा. आणि घेतल्यावर तिला हात लावू नये.

"छत केलं की दुसऱ्या दिवसापासून जुनं व्हायला लागतं," ते आईला म्हणाले. "ही जुनी झाली की किंमत वाढते. ही तुझी ठेव समज. माझा शब्द आहे."

"माणसांची किंमत राहत नाही, काठीची कुठून राहणार?" आई म्हणाली.

ती क्यूला कधीच क्यू म्हणाली नाही. काठी. पुढे छत गळलं की बादली सरकवत ती आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडायची, "गळतंय हो! आणा ती काठी, लावा टेकू!" डोळे तपासायला बसलेल्या माणसाला काही कळायचं नाही. तो बिचारा भिंतीवरची अक्षरं वाचत राहायचा.

बाबा गेल्यावर दुकान सोडलं. सामान हललं. आणि आईने मला सांगितलं, "ती काठी दाखवून आण. किंमत काढून आण."

"विकायचीय?"

"विकायची की नाही ते नंतर. मला पैसे नकोत गं. इतकी वर्षं म्हणत होते, माझा शब्द आहे, माझा शब्द आहे. तो शब्द खरा होता की मला बनवत होते, तेवढं कळू दे."

त्यामुळे त्या दिवशी बसमधून उतरून घरी आल्यावर तिने दारातच विचारलं, "काय म्हणाला?"

"आज बंद होतं दुकान," मी म्हणाले.

अर्धी किंमत, असं सांगितलं असतं तर बाबा खोटे ठरले असते. आणि खोटे ते नव्हते, शिट्टीकाका होते. आधी त्यांच्याकडून शाफ्ट मिळवायचा आणि मग आईला उत्तर द्यायचं, असं मी ठरवलं. मला वाटतं, त्या दिवसांत मला कुणावर तरी रागवायला हवंच होतं. डॉक्टरांवर रागवून झालं होतं.

---

पूल हॉल एका बँकेच्या वर होता. जिना चढताना खडूचा आणि जुन्या गालिच्याचा वास यायचा. दुपारची वेळ, एकच टेबल चालू होतं आणि त्यावर शिट्टीकाका एकटेच खेळत होते. काउंटरवरच्या मावशी कॉफीचे कप पुसत होत्या.

"आलीस? ये," मावशी म्हणाल्या. "बघ तुझे काका. तुझे बाबा गेल्यापासून स्वतःशीच खेळतात आणि तरी हरतात."

"हरत नाही, सराव चाललाय," शिट्टीकाका टेबलावरून न उठता म्हणाले. मग उठले, मला बघून त्यांचा चेहरा आधी खुलला आणि माझ्या हातातली पेटी दिसल्यावर थोडा मिटला. तो मिटला हे मी नक्की पाहिलं. "काय गं, पेटी घेऊन?"

"खेळा तुम्ही. मी बसते."

मी बाकावर बसून बघत राहिले. ते उंच, पाठ अजून ताठ, टेबलावर वाकले की घडी पडल्यासारखे दिसायचे. प्रत्येक फटक्याआधी एक गोष्ट करत. क्यू हातात घेऊन गोल फिरवायचे, मागे, पुढे, मग थांबायचे, आणि तिथून ती न फिरवता नेम धरायचे. जोडाजवळ शाफ्टवर निळ्या शाईची बारीक खूण होती. ती खूण वर आल्याशिवाय ते फटका मारत नव्हते. एकदा खूण वर असतानाच त्यांना शिंक आली. नाक पुसून झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून फिरवलं.

"काका, जरा बघू तुमची?"

"कशाला?"

"सहज. दोन्ही सारख्याच आहेत म्हणतात."

"सारख्याच आहेत, मग बघायचं काय?" ते हसले, आणि क्यू त्यांनी दुसऱ्या हातात घेतली, माझ्यापासून लांबच्या. "तुझ्या बाबांची विकायला काढली वाटतं?"

"किंमत काढायला नेली होती."

"कोणाकडे?"

"ज्याने बनवली त्याच्याकडे."

शिट्टीकाका खडू घेऊन टिपला घासू लागले. घासायची काही गरज नव्हती, टिप आधीच निळी होती.

"काय म्हणाला तो बडबड्या?"

"तुमच्या शाफ्टला एक ठिपका आहे का, काका?"

मावशींचं कप पुसणं थांबलं.

"हळू बोल," शिट्टीकाका म्हणाले.

"इथे कोण आहे ऐकायला?"

"मी आहे की," मावशी म्हणाल्या.

शिट्टीकाकांनी जोड फिरवला. शाफ्ट सुटा करून त्याचं तोंड माझ्यापुढे धरलं. एकच ठिपका होता. मी पेटी उघडून आमचा शाफ्ट शेजारी धरला. दोन ठिपके. पुरावा एवढा स्वच्छ मिळेल असं मला वाटलं नव्हतं, आणि तो मिळाल्यावर पुढे काय बोलायचं हे मी ठरवून आले नव्हते. तरी बोलले.

"बाबा गेल्यावर बदललात की आधीच?"

ते माझ्याकडे बघत राहिले. शाळेत उशिरा आलेल्या पोराकडे बघावं, तसे.

"मी कशाला बदलू?" ते म्हणाले. मग लगेच, "चुकून झालं असेल. जुनी गोष्ट आहे. दोघांच्या पेट्या एकाच बाकावर असायच्या. आवरताना याचा त्याला गेला असेल. कुणाच्या लक्षात येतं?"

"तुमच्याही लक्षात आलं नाही?"

"नाही ना."

"मग जुनी गोष्ट आहे हे कशावरून?"

त्यांनी शाफ्टचं तोंड अंगठ्याने झाकलं.

"लक्षात आलं नव्हतं, तर बाहेर देऊ नका, आधी मला सांगा, असं का म्हणत होतात? आणि जशी होती तशी आणलीय, हे तरी का सांगितलंत?"

"वकील आहेस का गं तू?"

"आणि ही निळी खूण कसली?"

मी त्यांच्या हातातून एक ठिपक्याचा शाफ्ट घेतला. माझ्या बाबांचा, असंच मनात म्हणत घेतला. ओढून घेतला म्हटलं तरी चालेल. आणि टेबलाच्या हिरव्या कापडावर तो आडवा ठेवून बोटाने पुढे लोटला. का लोटला? बाबा दुकानात चष्म्याच्या दांड्या अशाच काचेवर ठेवून बघायचे, तिरक्या झाल्यात का ते. सवय म्हणा.

शाफ्ट लोळत गेला आणि लोळताना त्याचं टोक उचललं जायचं, टेकायचं, उचललं जायचं, टेकायचं. मी दुसरा शाफ्ट ठेवला, आमच्या पेटीतला, दोन ठिपक्यांचा. तो पाणी ओघळावं तसा गेला. टोक एकदाही हललं नाही.

"असं लोळवू नको त्याला," शिट्टीकाका हळूच म्हणाले. "वाईट दिसतं."

मी उभीच राहिले. जो चोरी करतो तो सरळ घेऊन जातो आणि वाकडा मागे ठेवतो. सरळ शाफ्ट आमच्या पेटीत होता.

---

मावशींनी न मागता कॉफी आणून ठेवली आणि त्या पुन्हा काउंटरमागे गेल्या. कान मात्र इकडेच होते.

"पहिल्याच वर्षी वाकला," शिट्टीकाकांनी सांगितलं. "लाकूड आहे, होतं असं. तेव्हा त्या ओल्या दुकानात ठेवायचा तो पेटी, घरी ठेवली की तुझी आई बोलायची म्हणून. एक दिवस मला म्हणाला, चेंडू कुठेच धड जात नाही, माझे डोळे बिघडले बहुतेक. मी म्हटलं, तूच तपास. हसलो दोघं. त्याच आठवड्यात माझा चेंडू धड जाईना. घरी जाऊन लोळवून बघितला. मग ठिपका बघितला."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"वाट बघितली. म्हटलं, सांगेल. माझ्यापाशी सांगायला काय लाज? आज सांगेल, उद्या सांगेल. एक महिना गेला की मग विचारणाऱ्यालाच चोरट्यासारखं होतं. मग वाकड्यानेच खेळायला शिकलो. बाक वरच्या अंगाला ठेवला की नेम चुकत नाही. त्यासाठी ती खूण."

"आणि त्यांना माहीत होतं की तुम्हाला माहीत आहे?"

"ती खूण त्याच्यासमोरच केली की मी. त्याच्याच पेनाने." ते हसले. ते हसणं मला फारसं आवडलं नाही. "तू मला देवमाणूस समजू नकोस हां. त्याच्याच वाकड्या शाफ्टने मी त्याला हरवायचो. त्याला कळायचं. त्याला कळतंय हे मला कळायचं. त्या जिंकण्याची मजा तुला नाही समजायची. तो निमूटपणे चेंडू पुन्हा मांडायचा."

"पण का केलं त्यांनी?"

मला उत्तर माहीत होतं. तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"तुझ्या आईला शब्द दिला होता ना. किंमत राहील म्हणून. वाकलेल्या काठीची कसली किंमत, असं त्याला वाटलं."

"दवाखान्यात तरी काही बोलले?"

शिट्टीकाकांनी कपाचा कान दोन-तीनदा फिरवला. "म्हणाला, तुझा खेळ माझ्याहून बरा. बास. आता ती कबुली होती की नुसतं कौतुक, ते मी अजून ठरवतोय."

मी दोन ठिपक्यांचा शाफ्ट त्यांच्यापुढे धरला. "हा तुमचा. तो मला द्या."

त्यांनी तो लगेच घेतला नाही. आधी तोंडाकडे वळवून ठिपके पाहिले, मग टेबलावर ठेवून स्वतः लोळवला, मग प्रकाशाकडे धरून बघितला. मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "तुझ्या घराण्याकडून वस्तू घेताना तपासून घ्यावी लागते." आणि मावशींकडे वळून, "अहो, बघताय ना? साक्षीला आहात तुम्ही. अदलाबदल झाली."

"बघतेय, बघतेय," मावशी म्हणाल्या. "अंगठा हवा असेल तर सांगा."

शिट्टीकाकांनी आपला शाफ्ट आपल्या बटला लावला. वाकले. सवयीने क्यू फिरवायला गेले, निळी खूण शोधू लागले. ती आता माझ्या पेटीत होती. नेम धरला. एवढा सोपा फटका मीही मारला असता. चेंडू खड्ड्याच्या तोंडाला लागून परत आला.

"जन्म वाकड्यावर गेला," ते म्हणाले, आणि क्यू खाली ठेवून बराच वेळ रुमालाने चष्मा पुसत राहिले. चष्मा आमच्याच दुकानातला होता.

---

क्यू बनवणाऱ्याने या वेळी शाफ्ट आणि बट जोडून बघितले, लोळवले, नाक मुरडलं, आणि ठिपके भिंगातून पाहिले.

"वाकलाय," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय? याचाच आहे तो. जुनी लाकडं वाकतात. घेणाऱ्याला माहीत असतं. खेळायला कुठे घेतोय तो, काचेच्या कपाटात ठेवायला घेतोय." आणि त्याने जो आकडा सांगितला तो मी त्याला पुन्हा सांगायला लावला. दुकानाचं छत त्यात दोनदा झालं असतं, आणि भिंतीही. "अर्थात मी घेतली तर थोडं कमी," त्याने घाईने जोडलं. म्हणजे खरा आकडा त्याहूनही वर असणार.

"सरळ करता येईल का?"

"येईल की. पण मग माझा आजचा हात लागला. किंमत गेली. हिला आहे तशी ठेवणार की सरळ करणार, ते तुम्ही ठरवा."

मी म्हटलं, आहे तशीच.

परत येताना बसमध्ये मला बाबांचा राग आला. ते गेल्यापासून पहिल्यांदाच. चोरी केली म्हणून तर आलाच, पण त्याहून जास्त यासाठी, की त्यांनी काहीच केलं नसतं तर ते खरे ठरले असते. क्यू वाकली होती तरी तिची किंमत राहणार होती. ती घालवली ती सरळ शाफ्टने. इतके महिने बसून त्यांनी निवड केली, हात लावू नये हा नियम आम्हाला पाठ करून दिला, आणि पहिल्याच वर्षी स्वतःच हात लावला. आयुष्यभर लोकांच्या नजरेतला दोष शोधणाऱ्या माणसाला वाकलेलं म्हणजे वाया गेलेलं, एवढंच दिसलं.

आईला काय सांगायचं हे मात्र सोपं वाटत होतं. तिने विचारलेल्या प्रश्नाला आता खरं उत्तर होतं.

"राहिली किंमत," मी सांगितलं. आकडाही सांगितला. "राहिली काय, वाढली. बाबा बरोबर होते."

आई गॅसपाशी उभी होती. तिने गॅस बंद केला. मला वाटलं, हसेल. निदान म्हणेल, बघू या खरंच कोण देतो ते. ती खुर्चीवर बसली.

"म्हणजे मला बनवत नव्हते."

"नाही."

"मग मी उगाचच बोलत राहिले," आई म्हणाली.

"तुझी गंमत असायची ती."

"गंमत नव्हती. टोचावं म्हणूनच बोलायचे मी." तिने टेबलावरचा एक कण बोटाने टिपला. "दवाखान्यातल्या खोलीत वरती ओलीचा डाग होता, बघितलास? मी म्हटलं, आणू का काठी, लावायला? हसले नाहीत. तोंड तिकडे केलं. मला वाटलं, दुखत असेल. खरं बोलणाऱ्या माणसाला मी शेवटपर्यंत..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. ती रडलीही नाही. नुसती हळूहळू लहान होत गेली, बसल्या जागी, आणि मला दिसलं की हे उत्तर तिला आता रोज सलणार आहे. बाबा सुटले होते. त्यांच्या जागी मी आईला उभं केलं होतं.

तोंड का वळवलं असेल त्यांनी? ते मला माहीत होतं. आणि ते मी माझ्यापाशी ठेवून तिला हे असं बसू देणं, हेही बनवणंच होतं.

"आई, ती काठी वाकली होती," मी म्हणाले.

"कधी?"

"पहिल्याच वर्षी. दुकानातल्या ओलीने."

मग मी सगळं सांगितलं. ठिपके, पेट्या, निळी खूण. मधे थांबले नाही, कारण थांबले असते तर थोडं गाळलं असतं. आई ऐकत होती. सुरुवातीला टेबलाकडे बघत, मग माझ्याकडे.

"म्हणजे वाकली हे माहीत होतं ह्यांना."

"हो."

"आणि वर मला म्हणायचे, माझा शब्द आहे."

"हो."

"आणि शिट्टीचा उचलला? त्या भल्या माणसाचा? आणि तोच माणूस दर आठवड्याला आपल्याकडे येऊन चहा पीत होता, आणि हे त्याला बिस्किटं पुढे करत होते?"

"हो, आई."

"आणि नाहीच उचलला असता तर किंमत राहणारच होती?"

"राहणारच होती."

आई उठून उभी राहिली. बाबा गेल्यापासून ती त्यांच्याबद्दल बोलायची ते भेटायला येणाऱ्या लोकांशी बोलावं तसं, फार चांगले होते, कुणाला दुखवलं नाही, असं. ते ऐकताना मला दर वेळी परक्या माणसाची गोष्ट ऐकल्यासारखं वाटायचं.

"मला सांगायचं होतं!" ती म्हणाली, आणि तिचा आवाज काउंटरवरचा होता. "एवढी अक्कल लावून काठी निवडली, आणि वाकली तर बायकोला सांगता येईना? मी काय खाल्लं असतं ह्यांना? बोलले असते चार दिवस, बोलायचेच मी, छतावरून बोलत होतेच की! चोर कुठले! त्या शिट्टीला फोन लाव."

"आत्ता?"

"आत्ता. लाव म्हणते ना."

मी लावून दिला. तिकडून शिट्टीकाका "हॅलो, कोण?" म्हणाले तेवढं ऐकू आलं. पुढे त्यांना बोलायला मिळालं नाही.

"मी बोलतेय. मला सगळं कळलंय, आता लपवू नका. तुम्ही मला का नाही सांगितलंत? मी त्याच दिवशी काढून दिला असता तुमचा तुम्हाला! तुम्हाला काय वाटलं, मी ह्यांची बाजू घेईन? अहो, हे असेच आहेत. ह्यांना चूक म्हणून कबूल करता येत नाही. परवा ते गिऱ्हाईक..." ती क्षणभर अडली. परवा म्हणजे केव्हाचं ते तिलाही ठाऊक होतं. मग पुढे गेली. "नाही, नाही, ऐका तुम्ही. त्या गिऱ्हाइकाला डावी काच उजवीकडे बसवून दिली, आणि वर त्यालाच सांगितलं, सवय होईल म्हणून!"

फोनमधून हसू आलं, किंवा खोकला असेल. आईने खुर्ची पुढे ओढली, नीट बसली आणि दार लोटून घे अशी मला हाताने खूण केली. तिला अजून बरंच सांगायचं होतं.